‘पाणी’ शुद्ध, ‘पानी’ अशुद्ध?

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. त्यानंतर महाराष्ट्रात जे समारंभ झाले, त्यांत नाणेघाटातील सातवाहनकालीन लेखाचा आणि हालाच्या ‘गाथासप्तशती’चा उल्लेख अभिमानाने झाला, आणि तो योग्यच होता. परंतु अशा समारंभांतून दुसराही एक सूर नेहमी ऐकू येतो. मराठी बिघडली, तरुणांना शुद्ध बोलता येत नाही, खेड्यातून आलेल्या मुलांचे उच्चार सुधारत नाहीत, अशी ही खंत असते. दोन्ही विधाने एकाच व्यासपीठावरून केली जातात आणि त्यांतील विसंगती कोणाच्या ध्यानात येत नाही. नाणेघाटातील लेख आजच्या मराठीत नाही. तो प्राकृतात आहे. ‘गाथासप्तशती’ महाराष्ट्री प्राकृतात आहे. त्या भाषेत सतत बदल होत गेले, म्हणूनच तिची आजची मराठी झाली. बदल म्हणजे बिघाड असे मानायचे, तर मराठीचा सारा इतिहास हा बिघाडाचाच इतिहास ठरेल आणि मग अभिमान कशाचा बाळगायचा, हा प्रश्न उरेल.

हा प्रश्न केवळ विद्वानांच्या वादाचा नाही. शाळेत ‘पानी’ म्हणणाऱ्या मुलाला वर्गासमोर उभे करून ‘पाणी’ म्हणायला लावले जाते, तेव्हा त्या मुलापुरता तो अत्यंत व्यावहारिक होतो. आपल्या घरात, आईच्या तोंडी जी भाषा आहे ती अशुद्ध आहे, एवढा एकच धडा ते मूल त्या दिवशी शिकते. पुढे ते कमी बोलू लागते. म्हणून भाषा का आणि कशी बदलते, हे शिक्षकाने तरी नीट जाणून घेणे आवश्यक ठरते.

बदलालाही नियम असतो

‘पाणी’ याच शब्दापासून आरंभ करता येईल. त्याचे संस्कृत मूळ ‘पानीय’ असे आहे आणि त्यात ‘न’ आहे. प्राकृतात दोन स्वरांमधील ‘न’चा ‘ण’ झाला, ‘पानीय’चे ‘पाणीअ’ झाले आणि त्यापासून मराठीला ‘पाणी’ मिळाले. ‘स्थान’चे ‘ठाणे’ आणि ‘जन’चे ‘जण’ याच रीतीने झाले. म्हणजे आज जे रूप शुद्ध म्हणून शिकवले जाते, ते संस्कृत वैयाकरणाच्या दृष्टीने भ्रष्टच होते. याउलट ‘पर्ण’ आणि ‘कर्ण’ या संस्कृत शब्दांत ‘ण’ होता. प्राकृतात त्यांचे ‘पण्ण’ आणि ‘कण्ण’ झाले आणि मराठीत ‘पान’ आणि ‘कान’. येथे प्रमाण मराठीनेच ‘ण’ टाकून ‘न’ घेतला. महाराष्ट्राच्या अनेक भागांतील बोलींनी तीच क्रिया एक पाऊल पुढे नेली आणि ‘पाणी’चे ‘पानी’ केले. ‘पान’ शुद्ध आणि ‘पानी’ अशुद्ध, याला ध्वनिशास्त्रात कोणताही आधार नाही. आधार आहे तो एवढाच, की एक रूप ग्रंथांत शिरले आणि दुसरे बाहेर राहिले.

या बदलांचे वैशिष्ट्य असे, की ते बेशिस्त नसतात. संस्कृत ‘सप्त’, ‘हस्त’, ‘कर्म’, ‘दुग्ध’, ‘अद्य’ या शब्दांतील जोडाक्षरे प्राकृतात एकसारखी झाली आणि ‘सत्त’, ‘हत्थ’, ‘कम्म’, ‘दुद्ध’, ‘अज्ज’ अशी रूपे तयार झाली. पुढे मराठीने द्वित्त सोडले, पण त्याची भरपाई म्हणून आधीचा स्वर दीर्घ केला. त्यातून ‘सात’, ‘हात’, ‘काम’, ‘दूध’, ‘आज’ हे शब्द आले. पंजाबीने ही शेवटची पायरी ओलांडली नाही. त्यामुळे पंजाबी माणूस आजही ‘सत्त’, ‘हत्थ’, ‘कम्म’, ‘दुद्ध’ आणि ‘अज्ज’ म्हणतो. शेकडो शब्दांना एकच नियम लागू पडावा, असे कोणी ठरवून केले नव्हते. लक्षावधी निरक्षर माणसांच्या बोलण्यातून ते घडले. ध्वनिपरिवर्तनातील ही नियमबद्धता एकोणिसाव्या शतकात जर्मनीतील पंडितांनी सिद्ध केली. फ्रेंच अभ्यासक झ्यूल ब्लॉक यांनी मराठीच्या घडणीवरील आपल्या ग्रंथात, जो १९२० मध्ये प्रसिद्ध झाला, तीच पद्धत मराठीला लावून दाखवली. अडाण्यांच्या जिभेने भाषा विटाळते ही समजूत तेव्हाच निकालात निघायला हवी होती.

ती समजूत मात्र फार जुनी आहे. पतंजलीने ‘महाभाष्या’त, एका ‘गौः’ या शुद्ध शब्दाचे ‘गावी’, ‘गोणी’, ‘गोता’ असे अनेक अपभ्रंश होतात, असे नमूद केले आहे. त्याच्या दृष्टीने ते अपशब्द होते. ज्या बोलींत असे अपशब्द रूढ होते, त्यांच्याच परंपरेत आज उत्तर भारतापासून महाराष्ट्रापर्यंतच्या भाषा उभ्या आहेत.

ध्वनींप्रमाणे अर्थही सरकतात. संस्कृतात ‘शिक्षा’ म्हणजे शिकणे, विद्या. हिंदीत तोच अर्थ टिकला. मराठीत मात्र ‘शिक्षा’ म्हणजे दंड आणि विद्येसाठी ‘शिक्षण’ हा वेगळा शब्द. शाळेच्या इतिहासावर हे एक मार्मिक भाष्यच म्हणावे लागेल. ‘राग’ म्हणजे मूळचा रंग किंवा आसक्ती, मराठीत तो संताप झाला. ‘चेष्टा’ म्हणजे हालचाल, प्रयत्न. मराठीत ती थट्टा झाली. प्राचीन धर्मशास्त्रात ‘साहस’ हे बळजोरीच्या गुन्ह्याचे नाव होते; आज तो गुण मानला जातो. या शब्दांचे मूळ अर्थ सांगून कोणी आजचा वापर चुकीचा ठरवू लागला, तर त्याला मराठीत चार वाक्येही बोलता येणार नाहीत.

तीनशे वर्षांत काय होते

भाषा किती वेगाने बदलते, याचा एक पुरावा मराठी वाङ्मयातच आहे. ‘ज्ञानेश्वरी’ शके १२१२ मध्ये, म्हणजे इसवी सन १२९० मध्ये, नेवासे येथे सिद्ध झाली. त्यानंतर तीनशे वर्षेही पूर्ण झाली नव्हती, तोच १५८४ मध्ये एकनाथांना पैठणला तिची शुद्ध प्रत तयार करावी लागली. कारण तोवर पोथ्यांत पाठभेद शिरले होते. पोथी उतरून घेणारे भाविक होते, ग्रंथाचा अवमान करण्याचा विचारही त्यांच्या मनात येणे शक्य नव्हते. पण ‘म्हणौनि’ लिहिताना ‘म्हणून’ बोलणाऱ्याची लेखणी अडखळणारच. ज्या ग्रंथावर लोकांचे प्रेम अधिक, त्याची भाषा लोकांबरोबर अधिक बदलते. याउलट महानुभावांनी आपले ग्रंथ सांकेतिक लिप्यांत झाकून ठेवले. ते पंथाबाहेर फारसे गेले नाहीत. त्यामुळे यादवकालीन मराठी गद्याचा अभ्यास करणाऱ्यांना त्यांचा फार मोठा उपयोग झाला.

याच महानुभावांची एक कथा येथे आठवण्यासारखी आहे. केशिराजबासांसारखा संस्कृतज्ञ शिष्य जेव्हा संस्कृतकडे वळू लागला, तेव्हा नागदेवाचार्यांनी त्याला अडवले. संस्कृतामुळे आपल्या स्वामींचा सामान्य परिवार ज्ञानाला मुकेल, हे त्यांचे कारण होते. तेराव्या शतकात मराठीची बाजू कोणी घेतली, तर ज्यांना विद्वानांपेक्षा सामान्य स्त्रीपुरुषांची चिंता होती त्यांनी. आजचे प्रमाण मराठीचे अभिमानी बोलीभाषकांशी वागताना हे विसरतात.

पुढील काळातही बदल थांबला नाही. ‘जाहला’चे ‘झाला’ झाले. ‘मज’ आणि ‘तुज’ कवितेपुरते राहिले, बोलण्यात ‘मला’ आणि ‘तुला’ आले. ‘करितो’चे ‘करतो’ झाले, ‘करीत आहे’चे ‘करतो आहे’ आणि त्याचेही बोलण्यात ‘करतोय’ झाले. सोपेपणाकडे जिभेची ओढ असते, हे एक कारण. एका शब्दाच्या धर्तीवर दुसरा शब्द चालवण्याची मनाची सवय, हे दुसरे. लहान मूल ‘केला’ऐवजी ‘करला’ म्हणते, तेव्हा ते चुकत असते खरे, पण ‘बसला’, ‘उठला’ यांतून नियम ओळखण्याची बुद्धीही दाखवत असते. अशा काही चुका घरातच सुधारल्या जातात. काही एका पिढीकडून दुसरीकडे जातात आणि कालांतराने त्याच व्याकरण होऊन बसतात.

राज्य बदलते, शब्द बदलतात

जीभ आणि मन यांच्याइतकेच समर्थ असे तिसरे कारण म्हणजे शेजार आणि सत्ता. ‘अण्णा’, ‘अक्का’, ‘तूप’, ‘अडकित्ता’ हे शब्द कन्नडच्या शेजाराने मराठी घरात आले. ऐकणाऱ्याला धरून ‘आपण’ आणि त्याला वगळून ‘आम्ही’ हा मराठीतील सूक्ष्म भेदही दक्षिणेकडील भाषांच्या सहवासाचे फळ असल्याचे अनेक अभ्यासक मानतात. पोर्तुगीजांनी ‘बटाटा’, ‘पाव’, ‘चावी’, ‘काजू’, ‘हापूस’, ‘घमेले’ दिले. महिनाअखेर ज्याची वाट पाहिली जाते तो ‘पगार’ही त्यांचाच.

फारसी आणि अरबी शब्द आले ते राज्यकारभाराच्या वाटेने. ‘सरकार’, ‘अर्ज’, ‘वकील’, ‘जमीन’, ‘कागद’, ‘शाई’, ‘हजर’ हे शब्द इतके मुरले आहेत, की त्यांचे परकेपण सांगावे लागते. शिवाजी महाराजांनी रघुनाथपंत हणमंते यांच्याकडून ‘राज्यव्यवहारकोश’ करवून घेतला आणि सुमारे चौदाशे कारभारी शब्दांना संस्कृत पर्याय दिले. इतिहासाचार्य राजवाडे यांनी १६२८, १६७७ आणि १७२८ या सालांच्या पत्रांतील शब्द मोजून, शंभर वर्षांत फारसीचे प्रमाण कसे घटत गेले, ते दाखवले. राज्याची इच्छा भाषेवर परिणाम करू शकते, हे यावरून सिद्ध होते. पण त्या इच्छेला मर्यादा असतात, हेही सिद्ध होते. कारण कोशाने ज्यांना निरोप दिला, त्यांतील पुष्कळ शब्द आजही कचेरीत बसून आहेत.

कचेरीतल्या एका पदाचे उदाहरण पुरेसे आहे. फारसी अमलात त्या जागी ‘कारकून’ होता. कारकून म्हणजे काम करणारा. इंग्रजी अमलात तो ‘क्लार्क’ झाला. महाराष्ट्र राज्य स्थापन झाल्यावर भाषा संचालनालयाने १९६२ मध्ये ‘पदनामकोश’ काढला आणि त्यानंतर तो ‘लिपिक’ म्हणून ओळखला जाऊ लागला. टेबल तेच, खतावणी तीच. तीन राज्ये आली आणि तीन नावे देऊन गेली. शाळेतही ‘पंतोजी’ गेले, ‘मास्तर’ आले, मग ‘गुरुजी’ आणि ‘सर’ शेजारी शेजारी नांदू लागले.

‘पदनामकोशा’ची त्या काळी पुष्कळ टवाळी झाली. तरीही ‘सचिव’, ‘संचालक’, ‘अभियंता’, ‘परिपत्रक’ हे शब्द आज कोणाला खटकत नाहीत. सावरकरांनी भाषाशुद्धीच्या चळवळीत पुढे आणलेले ‘महापौर’, ‘दिनांक’, ‘मुख्याध्यापक’ हे शब्दही रुळले. परंतु ‘दिनांक’ आला म्हणून ‘तारीख’ गेली नाही. अर्जाच्या वरच्या कोपऱ्यात दिनांक असतो आणि कोर्टात मिळते ती तारीखच. नवा शब्द जुन्याला हाकलून देतोच असे नाही. दोघे कामाची वाटणी करून राहतात आणि भाषेजवळ एक छटा अधिक येते.

शेजाराचा परिणाम शब्दांपुरता थांबत नाही. सांगली जिल्ह्यातील कुपवाड गावाचा जॉन गम्पर्झ आणि रॉबर्ट विल्सन यांनी केलेला अभ्यास १९७१ मध्ये प्रसिद्ध झाला आणि जगभरच्या भाषाशास्त्राच्या अभ्यासकांना ते गाव परिचित झाले. तेथे जैन आणि लिंगायत घरांत कन्नड, मुसलमान घरांत उर्दू आणि इतर अनेक घरांत मराठी, अशी व्यवस्था पिढ्यानपिढ्या चालत आली होती. प्रत्येकाने आपापले शब्द जपले. पण शेतावर, बाजारात आणि चावडीवर रोज एकमेकांशी बोलता बोलता तिन्ही भाषांच्या वाक्यांची घडण जवळजवळ एकच झाली. प्रमाण कन्नडमध्ये जेथे ‘आहे’सारख्या क्रियापदाची गरज नसते, तेथे कुपवाडच्या कन्नडने मराठीप्रमाणे ते घेतले. कोणी कोणाची भाषा बुडवली नाही. एकत्र राहण्याची गरज भाषांनी आपल्या परीने भागवली.

नियम कशासाठी?

येथे एक आक्षेप साहजिकच घेतला जाईल. सर्वच बदल स्वाभाविक असतील, तर शुद्धलेखन आणि व्याकरण शिकवायचे कशासाठी? आक्षेपात तथ्य आहे. भंडाऱ्याच्या तहसीलदाराने लिहिलेले पत्र सावंतवाडीच्या शेतकऱ्याला कळावे, यासाठी सर्वांना समान असा एक नमुना लागतोच. पाठ्यपुस्तक, कायदा, वृत्तपत्र यांचे काम त्यावाचून चालणार नाही. मात्र हा नमुना ठरवलेला असतो, निसर्गदत्त नसतो. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ मध्ये प्रसिद्ध झाला, १८५७ मध्ये त्याची वाढवलेली दुसरी आवृत्ती निघाली, दादोबा पांडुरंगांचे व्याकरण १८३६ मध्ये आले. या काळात पुण्याकडील सुशिक्षित ब्राह्मण वर्गाची भाषा प्रमाण म्हणून स्थिर झाली. पेशवाईच्या राजधानीचे महत्त्व आणि छापखान्याची सोय यांमुळे तो मान तिला मिळाला. तिच्या ध्वनींत किंवा प्रत्ययांत काही उपजत श्रेष्ठत्व होते म्हणून नव्हे.

हा नमुनाही बदलता असतो, याचा अनुभव शिक्षकांच्या एका संपूर्ण पिढीने घेतला आहे. १९६२ पूर्वी ‘केलें’, ‘असें’, ‘घरांत’ असे अनुस्वार देणे बंधनकारक होते. ते अनुनासिक बहुतेकांच्या उच्चारांतून केव्हाच गेले होते; कोकणीत मात्र त्यांपैकी पुष्कळ अजून ऐकू येतात. मराठी साहित्य महामंडळाचे चौदा नियम शासनाने १९६२ मध्ये स्वीकारले, १९७२ मध्ये त्यांत चार नियमांची भर पडली आणि उच्चारात नसलेले अनुस्वार लेखनातूनही गेले. एका घराबद्दल लिहिताना ‘घरात’ असे लिहिणाऱ्या १९५० सालच्या विद्यार्थ्याचा गुण कापला जात होता. तसेच ‘घरांत’ असे लिहिणाऱ्या १९८० सालच्या विद्यार्थ्याचाही कापला गेला. दोघेही बोलत एकसारखेच होते. शुद्ध आणि अशुद्ध यांमधील रेषा किती मानवी असते, हे याहून स्पष्ट कशाने होणार? गंमत अशी, की हद्दपार केलेला तो अनुस्वार ‘केलं’, ‘असं’ या रूपांत पुन्हा परतला आहे. पण आता तो अनुनासिक दाखवत नाही, लांबवलेला ‘अ’ दाखवतो.

याचा अर्थ असा, की वाहतुकीचा नियम जसा शिकवावा तसे शुद्धलेखन शिकवावे. डाव्या बाजूने चालणे हा सोयीसाठी केलेला करार आहे. उजवीकडून चालणाऱ्या देशातील माणसे पापी नसतात. ‘घरी पानी म्हणतात, पुस्तकात पाणी लिहितात, दोन्ही येऊ देत’, एवढे सांगणारा शिक्षक प्रमाणभाषा अधिक चांगली शिकवू शकेल. बहिणाबाई चौधरींच्या कविता १९५२ मध्ये पुस्तकरूपाने आल्या, दया पवारांचे ‘बलुतं’ १९७८ मध्ये आले. बोलीत काय सामर्थ्य असते, हे त्यानंतर तरी मराठी वाचकाला नव्याने पटवून द्यावे लागू नये.

खरी चिंता कोणती?

मग इंग्रजी शब्दांच्या लोंढ्याबद्दल निश्चिंत राहावे काय? शब्दांपुरते तरी फारसे घाबरण्याचे कारण नाही. मराठीचे व्याकरण पाहुण्याला घरची रीत शिकवते. ‘जमीन’ फारसीतून आली, पण ती ‘जमिनीत’ अशी चालू लागली. ‘वकील’ ‘वकिलाला’ झाला. आणि इंग्रजीतील ‘तिकीट’ही निमूटपणे ‘तिकिटाला’ झाले. ‘ट्राय करणे’ ऐकून ज्यांच्या कपाळाला आठी पडते, त्यांनी ‘कबूल करणे’, ‘माफ करणे’, ‘हजर करणे’ आठवून पाहावे. साचा तोच आहे आणि तो कित्येक शतके चालत आला आहे.

धोका आहे तो शब्दांच्या येण्यात नव्हे, तर विषयांच्या जाण्यात. राज्यव्यवहारकोशाच्या काळात मराठीत फारसी शब्द होते, पण कारभार मराठीत होता, हिशेब मराठीत होता, तह आणि तक्रारी मराठीत होत्या. आज उलट स्थिती निर्माण होत आहे. वैद्यक, स्थापत्य, उच्च विज्ञान यांचे अध्यापन बहुतांशी इंग्रजीत होते. उच्च न्यायालयाचा कारभार इंग्रजीत चालतो. सुशिक्षित घरांतील अनेक मुलांना गणित आणि विज्ञान मराठीत बोलणे अवघड जाते. २०२० च्या अधिनियमाने राज्यातील सर्व शाळांत मराठी हा विषय सक्तीचा झाला, हे ठीक झाले. पण भाषा हा एक विषय म्हणून शिकणे आणि त्या भाषेत सर्व विषय शिकणे, यांत मोठे अंतर आहे. जी भाषा केवळ सण, भावगीते आणि घरगुती बोलणे यांपुरती उरते, तिचे शब्द कितीही शुद्ध राखले तरी ती आतून आक्रसत जाते.

आणि जे लोक आपल्या रोजच्या व्यवहारात, शेतात, कारखान्यात, बाजारात आजही अन्य भाषेचा आधार न घेता मराठी बोलतात, त्यांतील बहुसंख्य लोक तथाकथित अशुद्ध मराठीच बोलतात. त्यांना लाजवून मराठीचे रक्षण होणार नाही. त्यांची मुले आज ‘पानी’ म्हणायचे सोडतील आणि उद्या संधी मिळताच मराठीच सोडून देतील. शासनाने परिपत्रके सामान्य माणसाला कळतील अशा मराठीत काढावीत, विद्यापीठांनी ज्ञानाचे विषय मराठीत आणावेत आणि शाळांनी बोलीला वर्गात मानाने बसू द्यावे. शब्दांच्या शुद्धीची चर्चा त्यानंतरही करता येईल. अभिजात दर्जाने मराठीचा भूतकाळ मान्य झाला आहे. तिचा भविष्यकाळ ठरणार आहे तो ती कोठे कोठे वापरली जाते आणि कोणाकोणाला बोलू देते यावर.